गोलाला शेवटचा बाक नसतो

आमच्या महाविद्यालयात समित्यांचं वाटप जूनमध्ये होतं. ज्याचं अक्षर चांगलं त्याला परीक्षा विभाग, ज्याचा आवाज चांगला त्याला सांस्कृतिक, ज्याला हिशेब येतो त्याला सहल. (खरं म्हणजे ज्याला हिशेब विचारायची कुणाची टाप नाही त्याला.) बैठकीला जो उशिरा पोचेल त्याच्या गळ्यात उरलंसुरलं पडतं. मी पोचलो तेव्हा दोनच समित्या शिल्लक होत्या, वृक्षारोपण आणि सर्वसमावेशकता. वृक्षारोपणात खड्डे खणावे लागतात. मी दुसरीवर सही केली.

प्राचार्यांनी फाईल दिली. आत एकही कागद नव्हता, पण वर नाव सुरेख छापलं होतं. "सर, मूल्यांकनाला नॅकची टीम येणारंय. सात निकष आहेत, त्यातल्या सातव्यात तुमचं सगळं बसतं. दिव्यांगांना काय सोयी, वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांना सामावून घ्यायला काय केलं, सगळं. फोटो मात्र जिओ-टॅगचे काढा."

विषय अंगावर आला की आधी त्याचं प्रमाणपत्र मिळवायचं, ही आम्हा प्राध्यापकांची रीत. मी एक ऑनलाइन कोर्स लावला. त्यात बरंच कळलं. अपंगत्वाच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत अशा विद्यार्थ्यांसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उच्च शिक्षणातल्या समावेशनावर चौदावं प्रकरण स्वतंत्र आहे. हे सगळं मी वीस वर्षं नोकरी करून पहिल्यांदा वाचलं आणि स्टाफरूममध्ये जन्मापासून माहीत असल्यासारखं सांगू लागलो. कोर्सच्या शेवटच्या दिवशी एक बाई म्हणाल्या, "वर्गातली शेवटची रांग नष्ट करा. बाकं गोलात मांडा. गोलाला शेवटचा बाक नसतो." मी ते वाक्य वहीत उतरवून खाली दोन रेघा ओढल्या.

बाईंनी आमची बाकं पाहिली नव्हती. जालना म्हणजे सळयांचं गाव. इथल्या एमआयडीसीत भट्ट्या धडधडतात, भंगार वितळतं आणि त्याची सळई राज्यभरच्या स्लॅबांत जाऊन बसते. आमची बाकं ज्यानं केली त्यानंही लोखंडात हात आखडता घेतलेला नाही. एक बाक हलवायला चार जण लागतात आणि हलताना ते सगळ्या इमारतीला कळवून हलतं. बरोबर खाली प्राचार्यांची केबिन. बाकं अर्धवट फिरली होती तोवर शिपाई मामा वर आले, म्हणाले, "साहेब विचारायलेत, वर काय पाडायलात का?"

गोल झाला एकदाचा. म्हणजे झाला तो आकार भूमितीच्या पुस्तकात नाही, पण सुरुवात नि शेवट एकमेकांना भेटत होते. मुली एका अर्ध्यात बसल्या, मुलं दुसऱ्या अर्ध्यात, मध्ये दोन्हीकडं एकेक बाक आपोआप रिकामा राहिला. मी मध्यभागी उभा राहिलो आणि लक्षात आलं की कसंही उभं राहिलं तरी निम्मा वर्ग पाठीशी राहतो. मग तासभर स्वतःभोवती फिरत शिकवलं. "सर, फळा कुणीकडं समजायचा?" असं एका मुलीनं अगदी मनापासून विचारलं. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची नेहमीची चौकडी आली. त्यांनी दारात उभं राहून रचना नीट न्याहाळली, कोपऱ्यातलं एक बाक उचललं (या चौघांना ते बरोबर उचलता आलं), गोलाच्या बाहेर भिंतीला लावलं आणि बसले. मी डोळे वटारले. "सर, गोलात जागाच नाही," म्हणाले.

बाकं पुन्हा सरळ झाली. आता माणसांकडं वळू, असं मी ठरवलं, आणि ते वर्ष त्यासाठी अगदी चुकीचं निघालं.

२९ ऑगस्ट २०२३ ला अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि जालना जिल्ह्याबाहेर ज्या गावाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं ते सगळ्या वाहिन्यांवर दिसू लागलं. पुढच्या जूनमध्ये त्याच अंबड तालुक्यात, वडीगोद्रीला, ओबीसींच्या बाजूनं उपोषण झालं. दोन्ही गावांकडची पोरं माझ्या वर्गात आहेत. मोबाइलवर कुणाचं कुठलं स्टेटस आहे यावरून दुपारी कोण कुणाशी बोलणार ते ठरायचं. अशा दिवसांत हजेरी घेणं म्हणजे आडनावांची यादी मोठ्यानं वाचणं. एकेका आडनावाला माना वळत होत्या. मी निर्णय घेतला: आजपासून या वर्गात आडनाव नाही. फक्त नाव.

हजेरीपट उघडला. आकाश तिघे. पूजा चौघी. वैष्णवी मोजल्याच नाहीत. "आकाश" म्हटलं की तीन हात वर. मी म्हणालो, आडनाव न लावता तुम्हीच काहीतरी सोय करा. वर्गानं जागच्या जागी सोय केली: रांजणीचा आकाश, तांड्यावरचा आकाश आणि पाटलाच्या वाड्यामागचा आकाश. आडनावावरून निदान अंदाज करावा लागायचा. आता जात, गाव, गल्ली सगळं एका दमात कळायला लागलं. तांड्यावरचा आकाश शांतपणे म्हणाला, "सर, आधीचंच बरं होतं."

तरी मी थांबलो नाही. प्रमाणपत्र मिळालेला माणूस सहसा थांबत नाही. कोर्समध्ये 'संवादाचा चेंडू' सांगितला होता. ज्याच्या हातात चेंडू तो बोलणार, बाकीचे ऐकणार, मग पुढं फेकायचा. मी वर्गात जाहीर केलं की आज आपण एकमेकांची बाजू समजून घेऊ. आता ही पोरं सकाळी एसटीतून एका सीटवर तिघं बसून आलेली, गेटसमोरच्या टपरीवर दोनात तीन चहा प्यालेली. आरक्षणावर त्यांचं काय भांडण व्हायचं ते तिथं रोज होत होतं आणि मिटतही होतं. मी "आपापली बाजू" म्हटल्याबरोबर ती पहिल्यांदा उठून दोन बाजूंना बसली. चेंडू एकाकडं गेला, त्यानं काही न बोलता दुसऱ्या बाजूला जरा जोरात फेकला, तिकडून त्याहून जोरात परत आला. तिसऱ्या फेकीत तो खिडकीतून मैदानात गेला. तो आणायला दोघं गेले, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा, ते परत आलेच नाहीत. तास संपल्यावर बघितलं तर खाली क्रिकेट चाललं होतं आणि माझा संवादाचा चेंडू बॅटीखाली होता.

मग म्हटलं माणसं राहू दे, विषयाकडं बघू. मी अर्थशास्त्र शिकवतो. कोर्समध्ये एक फार चांगला मुद्दा होता: उदाहरणं मुलांच्या जगण्यातली घ्या, म्हणजे कुणालाच परकं वाटत नाही. इतकी वर्षं मी मागणीचा नियम सफरचंदांवर शिकवत होतो. जालन्यात कुणी सफरचंद पिकवत नाही. इथं मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. मी फळ्यावर मोसंबी काढली, खाली वक्र काढला आणि म्हणालो, "किंमत कमी झाली की मागणी वाढते."

मागून एक हात वर आला. घरी मोसंबीची बाग असलेला मुलगा. वर्षभर तोंड न उघडलेला. "कुठला बहार, सर?"

"कुठलाही."

"तसं कसं? आंबियाचं वेगळं, मृगाचं वेगळं. आंबियाचा माल एकदम निघतो. फळगळ लागली की त्याच्या आत काढावा लागतो."

दुसरा म्हणाला, "आन् सर, भाव पडल्यावर मागणी वाढत नाही. व्यापारी फोन उचलत नाही."

वर्ग हसला. मग तिसऱ्यानं टनाचे भाव सांगितले, चौथीनं बागवान उधारी कशी ठेवतो ते सांगितलं, तिच्या बाजूच्या मुलीनं तिचे वडील एका साली बाग का तोडून बसले ते सांगितलं. मी खडू घेऊन फळ्यापाशी उभा. इतका बोलका तास माझ्या कारकिर्दीत झाला नव्हता आणि त्यात माझं एकही वाक्य नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "इतर परिस्थिती कायम राहिली तर." बागवाला मुलगा म्हणाला, "कव्हा राहते, सर?" पुढच्या वर्षासाठी मी सफरचंद परत आणायचं ठरवलं आहे.

वर्गात एक पूर्ण अंध मुलगा आहे. त्याच्यासाठी मी रात्री जागून चाळीस पॉइंटच्या ठळक अक्षरांत पीपीटी केली. (आता वाचताना तुम्हाला जे खटकलं ते मला तेव्हा खटकलं नव्हतं.) त्याच्याशी बोलताना मी आवाज चढवायचो आणि शब्द सुटे सुटे करून बोलायचो. एकदा त्यानं अदबीनं सांगितलं, "सर, थोडं फास्ट बोलला तरी चालतंय. मी फोन दुप्पट स्पीडवर ऐकतो. तुमच्या तासाला झोप येते." झोपेचं कारण निदान त्यानं तरी सांगितलं.

त्याला काय हवं ते मी विचारलं. त्याला नोट्सची फाईल हवी होती, बस्स. फोन वाचून दाखवतो. माझ्या नोट्स म्हणजे माझी इस्टेट. कित्येक वर्षांपूर्वी श्रीलिपीत टाइप करून घेतलेल्या, सुबक, परिच्छेदांसकट. मी अभिमानानं फाईल पाठवली. दुसऱ्या दिवशी तो कानात वायर घालून माझ्यासमोर उभा राहिला, एक वायर माझ्या कानात दिली. फोनमधली बाई तडतडत होती: कॅपिटल एम, डॉलर, स्मॉल एस, कंस सुरू, अवतरण, डॉलर, डॉलर.

"सर, तुमच्या मागणीच्या नियमात डॉलर लई येतोय."

भानगड अशी की श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. डोळ्यांना 'अ' दिसतो, फोनला तो 'अ' आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. युनिकोडमध्ये टाइप केलेलं असेल तरच तो मराठी वाचतो. म्हणजे माझा सगळा ज्ञानसाठा डोळसांपुरता राखीव होता. वर्गातला एक मुलगा संध्याकाळी स्टँडजवळच्या डीटीपी दुकानात लग्नपत्रिका करतो. तो म्हणाला, "द्या सर, कन्व्हर्ट करून देतो." त्यानं सगळं युनिकोडमध्ये आणलं, पण कन्व्हर्टरनं वाटेत रफार हलवले. त्यामुळे माझ्या विषयाचं नाव 'अथर्शास्त्र' झालं. फोनमधली बाई ते ठासून उच्चारायची. सत्र परीक्षेत चार डोळस मुलांनीही 'अथर्शास्त्र' लिहिलं, त्यांनीही फोनवर ऐकूनच अभ्यास केला होता, कारण वाचण्यापेक्षा ते सोपं पडतं. आणि डीटीपीवाल्यानं जाता जाता विचारलं, "सर, यात देशाची लोकसंख्या १०२ कोटी आहे. ती बदलू का तशीच ठेवू?" २००१ च्या जनगणनेचा आकडा तो. २०११ चा १२१ कोटींचा आकडाही माझ्या नोट्सपर्यंत पोचला नव्हता.

दिवाळी झाली की वर्ग आटतो. आमच्या जिल्ह्याची गंमत अशी की जायकवाडीचा डावा कालवा अंबड-घनसावंगीतून जातो, तिथं ऊस उभा आहे, कारखाने आहेत. आणि त्याच जिल्ह्यातल्या मंठा-परतूरच्या तांड्यांवरून टोळ्या ट्रकमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. ऊसतोड कामगारांच्या मुलांनी गावी राहून शिकावं म्हणून राज्यानं २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना काढली, तीत आपला जिल्हाही आहे. पण माझी पोरं मोठी झालेली, त्यांच्या हातातच कोयता असतो. त्यांची पंचाहत्तर टक्के हजेरी मार्चमध्ये कशी भरते, हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि कुणी विचारू नये.

मी त्यांच्यासाठी व्हॉट्सअॅपवर आवाजी तास सुरू केले. रात्री जेवण झालं की स्वयंपाकघरात बसून फोनमध्ये बोलायचं. पहिला विषय घेतला वेतनाचा सीमांत उत्पादकता सिद्धान्त. शेवटच्या मजुरानं जेवढी भर घातली तेवढी मजुरी, वगैरे. फडावर रेंज आली की मुलगा तो तास उतरवून घ्यायचा आणि ट्रॅक्टरच्या स्पीकरला लावायचा, हे मला नंतर कळलं. सगळी टोळी जेवताना मला ऐकत होती. दोन दिवसांनी उत्तर आलं, त्याच्या वडिलांच्या आवाजात, मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज:

"रामराम सर. मजुरी कशी ठरते ते समदं ऐकलं. पर आमी तर उचल आधीच घेतलेली असती. मुकादमानं दिली, घरात खर्चली. आता तोडतोय ती उचल फेडायला. मंग तुमच्या हिशोबात ती उचल कुठं मांडायची?"

मी ते अनेकदा ऐकलं. एम.ए.ची पुस्तकं काढली. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात, हाताला काम मिळण्याआधीच त्याचे पैसे घेतलेले असतात, अशा माणसाचा सीमांत कुठला आणि उत्पादकता कुणाची, हे त्या पुस्तकांच्या लेखकांना कुणी विचारलेलं दिसत नाही. मी उत्तर पाठवलं, "फार चांगला प्रश्न आहे." प्राध्यापक असं म्हणाला की समजावं त्याला उत्तर येत नाही. लगेच मुलाच्या आईचा आवाज आला: "सर, मला कुकरच्या तीन शिट्ट्या तेवढ्या कळल्या. वरण का?"

वरणच होतं.

मागे पडलेल्या मुलांसाठी मी दुपारी चारचा जादा तास लावला, त्याची गोष्ट फार लांबवत नाही. खेड्यांकडच्या बस साडेतीनला निघतात. ज्यांच्यासाठी तास होता ती मुलं बसमध्ये असायची आणि शहरातली पहिल्या पाचातली वर्गात. त्यांनी मला पुढचे धडे शिकवायला लावले.

राहता राहिला रॅम्प. नियमाप्रमाणे एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो. आमचा व्हरांडा अडीच फूट उंच, म्हणजे तीस फूट रॅम्प हवा. तीस फुटांत कडुनिंब आला, पाण्याची टाकी आली आणि प्राचार्यांची गाडी लावायची जागा आली. गवंड्यानं दहा फुटांत भागवलं. वर पिवळा ऑइलपेंट, त्यावर निळ्यात चाकाच्या खुर्चीचं चित्र. चित्र फार सुरेख आलं. रॅम्प झाल्या दिवसापासून स्टाफच्या मोटारसायकली थेट व्हरांड्यात, सावलीत लागू लागल्या. मामा पाण्याचे जार ढकलत नेऊ लागले. फोटो काढायचा मुहूर्त फेब्रुवारीच्या अखेरीस काढला, तर आंदोलनामुळं अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं. अॅपमध्ये नकाशा उमटेना. फोटोखाली रॅम्प कुठं आहे त्या जागी पांढरा चौकोन आला.

कुबड्या घेऊन चालणारा एक मुलगा माझ्या वर्गात आहे. मी त्याला मुद्दाम रॅम्प दाखवायला नेलं. तो चढला, वर जाऊन पाणी प्याला, मोटारसायकलींमधून वाट काढत परत आला.

"भारी झालाय, सर. फक्त आपला वर्ग वरच्या मजल्यावर आहे."

दोन वर्षं त्याचे मित्र त्याला जिन्यावरून उचलून नेत होते. मी त्याच जिन्यानं त्यांच्या पुढं चढत होतो, "चला, उशीर होतोय" म्हणत. मी वेळापत्रक समितीकडं गेलो. तळमजल्यावरची खोली वाणिज्य शाखेची, तिचा पंखा चांगला, ती मिळणार नव्हती. कार्यालयाला एक अर्ज, त्याला एक स्मरणपत्र, मग दुसरं. शेवटी जुना जिमखाना मिळाला. बाकं दारातून आत जाईनात. मधोमध एक टेबल टेनिसचं टेबल होतं, त्याच्याभोवती सगळे जमिनीवर, खुर्च्यांवर, गाद्यांवर मिळेल तसे बसले. चौकडी खिडकीत बसली, पाय बाहेर टाकून.

नॅकची टीम आली ती थेट जिमखान्यात. बरोबर प्राचार्य, त्यांच्या मागं अर्धा स्टाफ. टीममधल्या मॅडम दक्षिणेकडच्या, मराठी येत नव्हतं. ऊसतोडीहून नुकताच परतलेला मुलगा समोर बसला होता. मॅडमनी इंग्रजीत विचारलं आणि प्राचार्यांनी मराठीत सांगितलं: "मॅडम विचारतायत, तुमचे सर वर्गात कुणाला वेगळं वागवतात का?"

पोरगं उभं राहिलं. "नाही. सर शिकवतात ते कुणालाच कळत नाही. सगळ्यांना सारखंच."

खिडकीत चौकडी हसली. प्राचार्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी मॅडमकडं वळून इंग्रजीत सांगितलं की मुलगा म्हणतोय, आमच्या सरांसमोर सगळे विद्यार्थी समान आहेत.

मॅडम फार खूश झाल्या. त्यांनी ते लिहून घेतलं आणि विचारलं, याचा जिओ-टॅग केलेला फोटो आहे का?